रविवारी ड्युटी असली की उपासना कशी करायची

रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेची घंटा होते, तेव्हा मी बहुतेक वेळा करंजी घाटात असतो. एसटीत कंडक्टर आहे, नगर–पाथर्डी रस्त्यावर. माझ्यासारखे आपल्या ख्रिस्ती लोकांत पुष्कळ आहेत: दवाखान्यातल्या सिस्टर, वॉचमन, हॉटेलात काम करणारी पोरं. नव्याने नोकरीला लागलेली मुलं विचारतात, "काका, रविवार जातो, मग देवाचं कसं करायचं?" त्यांच्यासाठी लिहितोय.

सुरुवात घरातून. पहिली गाडी असली की मोठी कौटुंबिक प्रार्थना जमत नाही आणि जमवायच्या फंदात पडूही नये. चहा उकळेपर्यंत बायबलातलं एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्यानेच, म्हणजे अंथरुणातल्या लेकरांच्याही कानावर पडतं. आठवडाभर तेच स्तोत्र ठेवा. रोज नवीन घेतलं की एकही अंगी लागत नाही. मी ड्युटीवाल्यांना १२१वं सांगतो. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. म्हणजे ती मुळात रस्त्यावरचीच. १२१व्यात आठच ओव्या आहेत आणि शेवटच्या ओवीत जाणं-येणं सांभाळण्याचा शब्द दिलाय. कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईलवर वाचायला गेलात तर आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि स्तोत्र राहतं बाजूला.

आता पैशाचं. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या धंद्यात देवाची खरी गाठ इथंच पडते.

सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढं काय होतं? म्हातारी तिसगावला उतरते, हातात दोन पिशव्या, कडेवर नातू, तिकीट गेलेलं कनवटीला. तिचे पंधरा रुपये राहतात ट्रेमध्ये. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. फक्त कुणी आठवण केली नाही. आमोस संदेष्ट्याच्या ५व्या अध्यायात देव म्हणतो की तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. बायबलातल्याच लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तर थेट वजन-मापांवर बोट ठेवलंय. रविवारी मंडळीत उंच आवाजात गाणं म्हणायचं आणि सोमवारी म्हातारीचे पंधरा रुपये विसरायचे, याला त्या पुस्तकांत जागा नाही.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. तिकिटं देतानाच वेबिलाच्या, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदाच्या, मागच्या बाजूला कोरा कागद लावून ठेवायचा. कुठला स्टॉप, किती बाकी, एवढंच लिहायचं. नाव लागत नाही, "तिसगाव – १५" पुरतं. स्टॉप यायच्या आधी, गाडी थांबल्यावर नाही, उठून हाक मारायची: "तिसगाव, सुट्टे कोणाचे राहिलेत?" गाडी थांबल्यावर हाक मारली तर माणूस दारात असतो, मागून ढकलाढकली, तो म्हणतो राहू द्या. पहिल्या फेरीच्या आधी पानवाल्याकडून दहाच्या नोटा आणि नाणी घेऊन ठेवली की निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. मशीनवर क्यूआर कोड आल्यापासून भार कमी झालाय, पण खेड्यातली माणसं अजून रोखच देतात. आणि एवढं करूनही काही उरलंच, तर ते डेपोत हिशेबाला भरा, जादा म्हणून लिहा. दानपेटीत टाकू नका. परक्याच्या पैशाचं दान देवाला काय कामाचं?

प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात म्हणतो, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या. मला यातलं 'शरीर' फार पटतं. उभं राहून दुखणारे पाय, भरलेल्या गाडीतून मागपर्यंत घुसायचं अंग, ओरडून बसलेला घसा, हेच द्यायचंय.

घशावरून आठवलं. बोलणं. १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ७५ वर्षांवरच्यांना त्याच्या आदल्या वर्षीपासून फुकट. तेव्हापासून दर फेरीत वयावरून खटके. आजोबांचं आधार कार्ड गाठोड्यात तळाशी असतं. त्या वेळी "काढा लवकर, काढा लवकर" करण्यापेक्षा पुढच्या चार सीटची तिकिटं फाडून परत यायचं. तेवढ्यात कार्ड निघतं. युक्ती साधी आहे, पण आजोबांचा मान राहतो. नवरात्रात पाथर्डीजवळच्या मोहटादेवीच्या यात्रेला जादा गाड्या असतात. काही जण मला चाचरत विचारतात, तुम्ही ख्रिस्ती, मग त्या ड्युटीला? अहो, अनवाणी चालून दमलेल्या बाईला बसायला जागा करून देणं हे माझं काम. त्यासाठी तिचा देव कोणता हे विचारायचं नसतं. आणि गाडीत बायबलच्या वचनांचे स्टिकर लावणं, उतारूंना पत्रकं वाटणं असले उद्योग करू नका. अडकलेल्या माणसाला ऐकवणं मला बरं दिसत नाही.

ड्रायव्हरशी भांडण झालं असेल तर शेवटच्या स्टॉपला चहा पाजून मिटवा. मत्तयाच्या शुभवर्तमानात ५:२३-२४ वाचा, अर्पण वेदीपुढं ठेवून आधी भावाकडं जायला सांगितलंय. आमची वेदी म्हणजे रात्रीचा मुक्काम. एकाच खोलीत झोपायचं असतं.

गाण्याचं सोपं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि त्यांनी अभंगाच्या चालीत भरपूर भजनं लिहिली. त्या भजनांना ऑर्गन लागत नाही, टाळ नसला तरी चालतं. घाटात इंजिन असं काही ओरडतं की तुम्ही गुणगुणलात तरी शेजारच्याला कळत नाही. एक भजन तोंडपाठ करा, चारही कडवी.

एवढं सगळं केलं म्हणजे मंडळीत गेलं नाही तरी चालतं, असं मात्र कुणी समजू नये. प्रभुभोजन, म्हणजे मंडळीनं मिळून भाकर आणि द्राक्षरस घेणं, गाडीत होत नाही. इब्रीकरांस पत्रात एकत्र जमणं सोडू नका असं सांगितलंय, ते ड्युटीवाल्यांनाही आहे. महिन्याची ड्युटी लागली की त्याचा फोटो पाळकसाहेबांना पाठवा. त्यांना न सांगता "आमच्याकडं कोणी येत नाही" म्हणून रुसायचं नाही. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळच्या घरोघर प्रार्थनेचा वार तुमच्या सुट्टीला जुळवून मागा. मंडळ्या जुळवतात, विचारावं लागतं.

आणि प्रभुभोजनाचा रविवार धरून ठेवायचा असेल तर अदलाबदलीचा माणूस आधीच बघून ठेवा. माझा ठरलेला आहे. दिवाळीच्या पाडव्याला आणि पोळ्याला मी त्याची ड्युटी घेतो. नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि महिन्यातला तो एक रविवार तो माझी घेतो. अर्ज दोघांच्या सहीनं आठवडाभर आधी द्या, आदल्या रात्री दिलात तर कोणीच मंजूर करत नाही.