हिमोग्लोबिनचा आलेख स्वतः काढून लिगँडचे काम कसे समजून घ्यावे

प्रथिनाच्या नेमक्या खाचेत येऊन बसणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. ही व्याख्या पाठ करून फारसे हाती लागत नाही. त्यापेक्षा आलेखकागद आणि पेन्सिल घेऊन रक्तातले हिमोग्लोबिन हे प्रथिन व ऑक्सिजन हा त्याचा लिगँड, या जोडीचा आलेख एकदा स्वतः काढावा.

आडव्या अक्षावर ऑक्सिजनचा दाब ० ते १०० मिलिमीटर पारा असा घ्यावा. उभ्या अक्षावर संपृक्तता, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या ऑक्सिजनच्या दर शंभर जागांपैकी किती भरल्या, ती मांडावी. २० दाबाला सुमारे ३५, २७ ला ५०, ४० ला ७५, ६० ला ९० आणि १०० ला ९७ असे बिंदू देऊन ते शून्यापासून अलगद जोडावेत. रेषा आधी रेंगाळते, मग झपाट्याने चढते आणि वर जाऊन जवळजवळ आडवी होते.

आता त्याच कागदावर स्नायूंतल्या मायोग्लोबिनची, म्हणजे तिथे ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची, रेषा काढावी. ते अडीच-तीन मिलिमीटरलाच निम्मे भरते आणि २० ला नव्वदीच्या आसपास पोहोचते. मायोग्लोबिनमध्ये ऑक्सिजनसाठी एकच जागा असते, हिमोग्लोबिनमध्ये चार. पहिला ऑक्सिजन चिकटताच हीममधले (ऑक्सिजन धरणाऱ्या लोहयुक्त भागातले) लोह किंचित सरकते, आपल्याला जोडलेल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला ओढते, आणि त्या ओढीने हिमोग्लोबिन ज्यांचे बनते त्या चार प्रथिन-साखळ्यांची आपसांतली मांडणी बदलून उरलेल्या जागा ऑक्सिजनला अधिक घट्ट धरू लागतात. मॅक्स पेरुत्झ यांना हिमोग्लोबिनच्या आणि जॉन केंड्र्यू यांना मायोग्लोबिनच्या रचनेसाठी १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळून दिले गेले.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, ती घाईने उरकू नये. फुफ्फुसांतला १०० आणि विश्रांत ऊतींमधला ४० हे दोन दाब दोन्ही रेषांवर पाहावेत. हिमोग्लोबिन ९७ वरून ७५ वर येते, तर मायोग्लोबिन नव्वदीच्या खाली उतरतच नाही. वाहतूक करणाऱ्याला माल घेता येणे पुरेसे नसते, तो सोडताही यावा लागतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९० दिसताच डॉक्टर का सावध होतात, हेही इथेच कळते: ९० संपृक्तता म्हणजे ६० चा दाब, आणि ६० च्या खाली घसरण तीव्र आहे.

मग मूळ रेषेच्या उजवीकडे तिच्यासारखीच दुसरी काढावी. आम्लता किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की रेषा अशी सरकते, म्हणजे राबणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन अधिक सुटतो. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिस्टियन बोर यांनी हे १९०४ मध्ये दाखवले. तांबड्या पेशींतला २,३-बीपीजी हा रेणू ऑक्सिजनच्या जागेवर नव्हे, तर साखळ्यांमधल्या पोकळीत बसतो आणि लांबून पकड सैल करतो. गर्भाच्या हिमोग्लोबिनला तो नीट चिकटत नाही. म्हणूनच गर्भाची रेषा डावीकडे असते आणि त्याला आईच्या रक्तातून ऑक्सिजन घेता येतो.

शेवटी कार्बन मोनॉक्साइड. तो ऑक्सिजनचीच जागा बळकावतो, तीही दोनशेपटींहून अधिक घट्टपणे, आणि उरलेल्या जागांची पकडही वाढवतो, त्यामुळे रेषा डावीकडे सरकते. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे कुणी बेशुद्ध पडले, तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. साध्या ऑक्सिमीटरला या दोन लिगँडांतला फरक कळत नाही आणि तो ९८ सुद्धा दाखवू शकतो.