मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा १९०१चा हंगाम असा वाचा

आधी आजचे नियम बाजूला ठेवा. तेव्हा टचडाउनला (चेंडू घेऊन समोरच्यांची गोलरेषा ओलांडणं) ५ गुण, फील्ड गोललाही (किक मारून चेंडू गोलच्या खांबांमधून घालवणं) ५, टचडाउननंतरच्या किकला १. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, नव्हताच. तीन प्रयत्नांत ५ यार्ड काढायचे, तेही माणसांच्या भिंतीत घुसून.

आता पेन्सिल घ्या आणि १ जानेवारी १९०२ला पासाडेनात स्टॅनफर्डशी झालेला सामना मांडा. मिशिगनच्या ८ टचडाउनचे ४०, किकचे ४, फील्ड गोलचे ५. एकूण ४९–०! ही बेरीज वहीत पहिल्यांदा जुळली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्यातले ५ टचडाउन एकट्या नील स्नोचे. त्या नावाखाली रेघ माराच.

मग प्रशिक्षक फील्डिंग योस्टच्या संघाचे अकराही सामने उतरवा. मिशिगनचे गुण ५५०. समोरच्यांच्या रकान्यात शेवटपर्यंत शून्यच लिहायचं.