हातातल्या कन्सोलवरचे तालखेळ: आधी वायर लावा, मग बोटं शिकवा

तालखेळात, म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर बटणं दाबायच्या व्हिडिओ गेममध्ये, सुरुवातीला गुण भराभर वाढतात आणि मग गाडी एका जागी अडकते. नॉर्मल पातळी हसत पार, हार्ड घासत पार, आणि एक्स्ट्रीम लावलं की पहिल्याच भरगच्च तुकड्यात धूळधाण. मग माणूस बोटांच्या वेगाला दोष देतो, तासन्‌तास बटणं बडवतो, अंगठा दुखवून घेतो. बहुतेक वेळा बोटं निर्दोष असतात. कान केव्हाच खेळातून बाहेर पडलेला असतो आणि ते लक्षातही आलेलं नसतं.

पुढचं सगळं निन्टेंडो स्विचवरचे खेळ समोर ठेवून लिहिलंय: जपानी ढोलाचा ‘ताइको नो तात्सुजिन’ (2018 चा ड्रम ’न’ फन आणि 2022 चा रिदम फेस्टिव्हल) आणि 2020 चा, हात्सुने मिकू या आभासी गायिकेचा ‘प्रोजेक्ट दिवा मेगा मिक्स’. कुणाकडे सोनीचा जुना हातातला कन्सोल, पीएसपी किंवा व्हिटा, असेल तरी यातलं बरंचसं लागू पडतं. चार शब्द आधी घ्या: बीपीएम म्हणजे मिनिटाला ठोके, नोट म्हणजे जिच्यावर बटण दाबायचं ती पडद्यावरची खूण, कॉम्बो म्हणजे न चुकता सलग मारलेल्या नोटा, आणि जजमेंट म्हणजे दाबणं किती नेमकं होतं याचा खेळाने दिलेला निकाल.

तर पहिलं काम: ब्लूटूथचे इअरबड काढून ठेवा. आजच. स्विचवर ब्लूटूथ आवाजाची सोय सप्टेंबर 2021 च्या 13.0.0 अपडेटने आली, लोकांना आनंद झाला, आणि तालखेळ शिकणाऱ्यांचं तिथूनच वाटोळं सुरू झालं. ब्लूटूथने आवाज साधारण 150 ते 250 मिलिसेकंद उशिरा पोचतो. सिनेमा बघताना, मारामारीचे खेळ खेळताना हे चालून जातं. इकडे ताइकोत एक्स्ट्रीमला ‘गुड’ हे सर्वांत चांगलं जजमेंट मिळायला नोटेच्या अलीकडे-पलीकडे सुमारे 25 मिलिसेकंद एवढीच जागा असते, ‘ओके’ला सुमारे 75. म्हणजे ऐकून मारलं तर नोट हमखास हुकणार.

आता खरी मेख कुठे आहे ते बघा. नोट हुकते म्हटल्यावर नवखा माणूस ऐकणं सोडतो आणि नुसतं बघून मारायला लागतो. त्यात यशही येतं, म्हणूनच हे घातक. वर आणखी एक गंमत आहे. गाणं 150 बीपीएमचं असेल तर एक मात्रा 400 मिलिसेकंदांची आणि अर्धी मात्रा 200 ची. आवाज नेमका 200 मिलिसेकंद उशिरा येत असेल तर तुम्ही डोळ्यांनी समेवर मारता तेव्हा कानात बरोबर मागची अर्धी मात्रा वाजत असते. ती तालात बसते! त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाही येत नाही. उलट ‘मस्त जमतंय’ असं वाटतं. दुसरं गाणं 190 चं लागलं की सगळं विस्कटतं, आणि आपण म्हणतो हे गाणंच अवघड आहे.

डोळ्यांवर हार्डपर्यंत भागतं. पुढे नाही भागत. 160 बीपीएमला चौगुनीत (एका मात्रेत चार नोटा) दोन नोटांमध्ये जेमतेम 94 मिलिसेकंद असतात. एवढ्यात एकेक नोट बघून, ठरवून, मारून होत नाही. तिथे अख्खा तुकडा कानात आधीच वाजत असावा लागतो आणि डोळे फक्त पुढचा रंग सांगतात. ज्याने महिनोन्‌महिने डोळ्यांनी खेळलंय त्याला ही सवय मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

‘ऑफसेट (आवाज आणि नोटा एकमेकांच्या मागे-पुढे सरकवायचं सेटिंग) बदलून घेतो की’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचं अर्धंच खरं आहे. ऑफसेट लावून खेळ गाण्याचा आवाज आणि नोटा एकमेकांशी जुळवू शकतो, कारण गाण्यात पुढे काय येणार ते त्याला आधीच माहीत असतं. पण तुम्ही बटण दाबल्यावर जो ढोलाचा किंवा टाळीचा आवाज येतो, तो दाबल्याशिवाय सुरूच होत नाही. तो कुठल्याही सेटिंगने लवकर येणार नाही. मग गाणं जागेवर आणि तुमचा स्वतःचा ठोका मात्र प्रत्येक वेळी मागे. हा आवाज बंद करून खेळण्याचा सल्लाही दिला जातो. शिकणाऱ्याने तो अजिबात मानू नये. आपला ठोका गाण्यावर नेमका बसला की मागे राहिला, हे ज्यावरून कळतं तेच बंद करून काय मिळवणार? डीजेमॅक्ससारख्या खेळांत तर गाण्याचे सूर तुमच्या बटणातूनच निघतात. तिथे ब्लूटूथ म्हणजे विषय संपला.

स्विच, स्विच ओलेड आणि स्विच लाइट तिन्हींच्या वरच्या कडेला 3.5 मिलिमीटरचं भोक आहे. फोनबरोबर मिळालेला जुना वायरवाला इअरफोन घरात कुठेतरी पडलेला असतो, तो पुरतो. महाग काही घेऊ नका. काहीच नसेल तर कन्सोलचे स्पीकरही ब्लूटूथपेक्षा शंभर पटीने बरे.

वायर लावली की ऑफसेट शून्यावर आणा आणि तपासा. शंभर-एकशेवीस बीपीएमचं, ठोका स्पष्ट असलेलं, तुम्हाला सहज येणारं गाणं घ्या. थंड हाताने तपासू नका, दोन-तीन गाणी खेळून मग बसा. जिथे ‘लवकर’ की ‘उशिरा’ हे दिसतं तिथे चुकलेल्या वीस नोटा बघा. सोळा एका बाजूला असतील तर ऑफसेट हलवायचा. अकरा आणि नऊ असतील तर ऑफसेट ठीक आहे, हात अजून कच्चा आहे, त्याला सेटिंगमध्ये औषध नाही. ही सोय नसेल तर एकदा मुद्दाम किंचित लवकर आणि एकदा मुद्दाम किंचित उशिरा खेळा, गुण कशाने वाढतात ते बघा. एका वेळी एकच पायरी हलवायची आणि तेच गाणं तीनदा खेळून मग ठरवायचं. अधिक-उणे चिन्हांचा अर्थ खेळागणिक उलटसुलट असतो. म्हणून आधी एका टोकाला मोठा आकडा लावून बघा, कुठल्या दिशेने बिघडतंय ते लगेच कळतं.

एकदा बसला की त्याला हात लावू नका. रोज हरल्यावर ऑफसेट चाळवणाऱ्याचा हात कधीच स्थिर होत नाही, कारण त्याचं लक्ष्यच रोज हलतं. आणि दुसऱ्याचा आकडा उचलू नका. कितीही मोठा खेळाडू असू दे, त्याचा आकडा त्याच्या उपकरणाचा असतो. शिकवणारा निवडायचा तर तुमच्या गुणांचा तक्ता बघणारा नको, तुमचे अंगठे बघणारा हवा.

टीव्हीला जोडून खेळणार असाल तर तो वेगळा संसार. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो, साउंडबार आवाजाला आणखी मागे ढकलतो. टीव्हीचा गेम मोड लावा आणि त्यासाठी ऑफसेट वेगळा काढून कागदावर लिहून ठेवा. शिकत असताना मात्र हातातच खेळा.

बटणांकडे वळू. ताइकोत लाल नोट म्हणजे ‘दों’, ढोलाच्या मध्यावर. निळी म्हणजे ‘का’, कडेवर. कन्सोलवर याची दोन प्रकारे वाटणी होते. एक, डाव्या हाताला सगळे दों आणि उजव्या हाताला सगळे का. ही लवकर जमते आणि नवखे हीच धरतात. दुसरी, दोन्ही अंगठ्यांना दों आणि दोन्ही तर्जनींना खांद्यावरच्या बटणांवर का, म्हणजे डावीकडून का-दों-दों-का. पहिले काही दिवस ही छळते. तरीही दुसरीच धरा. कारण साधं गणित आहे: 160 बीपीएमला चौगुनीत नुसते दों आले तर पहिल्या वाटणीत एकट्या डाव्या अंगठ्याला सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा दाबावं लागतं. दुसऱ्या वाटणीत तेच काम दोन अंगठ्यांत विभागून प्रत्येकी पाचाच्या आसपास येतं. पाच कुणालाही जमतं. दहा कुणालाच जमत नाही असं नाही, पण तुम्ही आम्ही त्यातले नव्हे.

हात आलटून-पालटून चालवायचे, डावा-उजवा-डावा-उजवा. इथे विषम तुकडे घोटाळा करतात. तीन नोटांचा तुकडा उजव्याने सुरू केला तर उजव्यावरच संपतो, आणि काटेकोर पालट धरली तर पुढचा डाव्याने सुरू करावा लागतो. सलग धावणाऱ्या नोटांत पालट पाळाच. मध्ये मोकळी जागा असलेल्या तुटक तुकड्यांत प्रत्येक तुकडा त्याच हाताने सुरू केला तरी चालतं, मला तर तेच बरं वाटतं. मात्र आठवड्यातून एकदा सगळं दुबळ्या हाताने सुरू करून बघा. लाज वाटेल इतकं वाईट जाईल. जाऊ द्या, सगळ्यांचंच जातं.

तबला किंवा ढोलकी शिकलेल्यांना इथे आयती शिदोरी मिळते. बोल हातात येण्याआधी तोंडात आला पाहिजे हे त्यांना सांगावं लागत नाही. अडलेला तुकडा थांबवून तोंडाने म्हणा: दों दों का, दों का दों. विलंबित म्हणा, मग दुगुनीत, मग चौगुनीत, मांडीवर टाळी धरून. तिगुनीचे तुकडे तर तोंडाने म्हटल्याशिवाय उलगडतच नाहीत, कारण पडद्यावर ते चौगुनीसारखेच दिसतात, फक्त अंतर किंचित जास्त असतं.

ताइकोत नोटांचा वेग वाढवायला घाबरू नका. वेग वाढला की गाणं जलद होत नाही, नोटांमधली मोकळी जागा वाढते आणि गर्दी सुटी होते. दीडपट ते दुप्पट यांमध्ये बहुतेकांचं भलं होतं.

‘प्रोजेक्ट दिवा’मध्ये ही सोय कामाची नाही, तिथे नोटा चारी दिशांनी उडत येतात. नवखा उडणाऱ्या नोटेचा पाठलाग करतो. करू नका. नजर लक्ष्याच्या जागी ठेवा. तिथे घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा काटा असतो, तो बाराला आला की दाबायचं. तेवढ्यात पुढची दोन-तीन लक्ष्यं नजरेत घ्यायची. तिथली दुसरी अडचण बटणांच्या नावांची. स्विचवर एक्स वरचं बटण, एक्सबॉक्सवर डावीकडचं, आणि प्लेस्टेशनची फुली खाली. दुसऱ्या कन्सोलवरून आलेला माणूस यात हमखास गोते खातो. मेगा मिक्समध्ये चिन्हांचा संच बदलता येतो, हाताला सवयीचा असेल तो लावा आणि मग तोच ठेवा.

दिवात डावीकडची दिशा-बटणंही समोरच्या बटणांचंच काम करतात: वरची दिशा म्हणजे एक्स, खालची म्हणजे बी. एकाच चिन्हाच्या नोटा धावत आल्या की दोन्ही अंगठ्यांत वाटून घ्यायच्या. हे न शिकता एक्स्ट्रीमला जाणं म्हणजे एका पायावर मॅरेथॉन. स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर (बाजूला लावायच्या सुट्या कंट्रोलरवर) चार सुटी बटणं असतात, त्यामुळे डावं आणि उजवं एकदम दाबता येतं. स्विच लाइटवर जोडलेला अखंड डी-पॅड आहे, त्यावर समोरासमोरच्या दिशा एकदम दाबता येत नाहीत. तिथे जोडनोटेतलं (दोन बटणं एकदम दाबायच्या नोटेतलं) एक बटण उजव्या हाताने घ्यावं लागतं. केवळ तालखेळांसाठी कन्सोल घेत असाल तर हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा धरा.

दिवात कॉम्बो ‘कूल’ आणि ‘फाइन’ या जजमेंटवरच टिकतो, ‘सेफ’ आला की तुटतो, आणि चुकीचं बटण दाबलं की तीही चूक मोजली जाते. ताइकोत रिकाम्या जागी मारलेल्या ठोक्याला शिक्षा नाही, म्हणून अवघड तुकड्यात अंदाधुंद बडवायची सवय लागते. गाणं पार होतं, हात बिघडतो. वरच्या पातळीवर कसंबसं पार होण्यापेक्षा खालच्या पातळीवर पूर्ण कॉम्बो काढा. खरी वाढ तिथे होते, जरी यादीत ती दिसायला किरकोळ वाटली तरी.

शेवटी अंगठे. जॉय-कॉन लावलेला स्विच सुमारे 398 ग्रॅम भरतो, ओलेड सुमारे 420, लाइट 275. हे वजन हवेत तोलून वर वेगाने दाबत राहिलं की मनगट आणि अंगठ्याचं मूळ दोन्ही पिळून निघतं. मांडीवर उशी घ्या, कोपर टेकवा, बटण तळापर्यंत खुपसू नका. नोंद व्हायला तेवढ्या जोराची गरज नसते. तीन-चार गाण्यांनंतर कन्सोल खाली ठेवून हात झटका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूने चमक मारत असेल तर त्या दिवशी खेळ बंद. मूठ मिटून मनगट करंगळीकडे वळवल्यावर कळ येत असेल, तर काही दिवस कन्सोल कपाटात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मलम लावून एक्स्ट्रीम खेळत राहिलात तर दुखणं महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.