वारंवार गांधी उठतात आणि कारण सापडत नाही, तेव्हा काय करावे

अंगावर खाजऱ्या गांधी उठतात, एखादे वेळी ओठ किंवा पापणी सुजते, आणि डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत सारे मावळून दाखवायला काहीच उरत नाही. हा त्रास सहा आठवड्यांहून अधिक काळ चालला की त्याला दीर्घकालीन अर्टिकेरिया म्हणतात, आणि अशा बहुतेक रुग्णांत बाहेरचे कारण सापडत नाही. म्हणून तो मनाचा खेळ ठरत नाही. त्वचेतील मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील पेशी) खरोखरच हिस्टामिन, म्हणजे खाज आणि सूज आणणारे रसायन, सोडत असतात. फक्त त्यांना चेतवणारी गोष्ट पुष्कळदा ताटात नसून आपल्याच शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांत असते.

आपल्याकडे घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. आम्लपित्तही पित्त आणि अंगावर उठते तेही पित्तच, त्यामुळे घरात आंबट, वांगी, शेंगदाणे, तूरडाळ असे एकेक पदार्थ बंद होत जातात आणि गांधी मात्र उठतच राहतात. आमसुलाचा कोळ लावून खाज शमत असेल तर जरूर लावावा, परंतु नोंदीचा आधार नसताना, विशेषतः लहान मुलांचा, आहार तोडू नये.

खरे काम वहीत होते. गांधी कधी उठल्या, त्याआधीच्या सहा तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, व्यायाम, ताप, पाळी, थंडी, घट्ट कपडे यांपैकी काय होते, हे त्याच दिवशी लिहावे आणि छायाचित्र काढून ठेवावे. एखाद्या गांधीभोवती पेनाने रेघ मारावी: चोवीस तासांनंतरही ती तिथेच असेल, दुखत असेल किंवा मागे जखमेसारखा काळानिळा डाग राहिला असेल, तर आजार वेगळा असू शकतो आणि त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.

वही नसेल तर काही कारणे हमखास निसटतात. अंगदुखीसाठी सहज घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक त्रास वाढवू शकते. रक्तदाबावरील रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही गांधींशिवाय नुसती सूज येऊ शकते. काहींना पोळी खाऊन व्यायाम केला तरच त्रास होतो. नुसत्या पोळीने किंवा नुसत्या व्यायामाने होत नाही. बर्फाबाहेर राहिलेल्या बांगड्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही, त्यामुळे एकदा तोंड लाल होऊन अंगावर उठले म्हणून जन्मभर माशांची अ‍ॅलर्जी मानण्याचे कारण नाही.

शंभरेक पदार्थांची रक्तचाचणी मात्र आपणहून करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) सापडणे म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतोच असे नव्हे, आणि अशा अहवालाने उत्तराऐवजी भीतीच वाढते. त्वचेवरील चाचणी ठरली असेल, तर अँटिहिस्टामिन (हिस्टामिनला रोखणारे औषध) किती दिवस आधी थांबवायचे हे विचारून घ्यावे.

कारण सापडले नाही तरी उपचार थांबत नाहीत. झोप न आणणारे अँटिहिस्टामिन गांधी उठल्यावर नव्हे, तर रोज घ्यायचे असते. त्याने भागले नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात, आणि पुढे ओमालिझुमॅबचे इंजेक्शन आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लवकर आराम पडतो, म्हणूनच त्या पुन्हा पुन्हा घेण्याचा मोह टाळणे फार महत्त्वाचे आहे.

श्वास अडकणे, आवाज बसणे, चक्कर किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत (दम लागला असेल तर बसू द्यावे) आणि 108 ला फोन करावा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिन देऊन ठेवले असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस लगेच टोचावे. जीव सावरल्यावर, शक्यतो चार तासांच्या आत, ट्रिप्टेजसाठी (मास्ट पेशींतून रक्तात येणारे एक द्रव्य) रक्त घ्यावे अशी विनंती नातेवाइकांनी करावी आणि बरे वाटल्यावर, किमान चोवीस तासांनी, दुसरा नमुना द्यावा, कारण अ‍ॅलर्जीच्या या तीव्र झटक्याची खूण थोड्याच तासांत रक्तातून नाहीशी होते.