मुलाचा पक्का दात येईना: थांबायचं की उपचार करायचे, हे कसं ठरवावं

माझा भाचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या खेड्यात वाढला. साडेसातव्या वर्षी त्याचा वरचा डावा पटाशीचा दात आला, उजव्या बाजूला मात्र नुसती हिरडी. तिथला दुधाचा दात कधीच पडला होता, आजीनं तो कौलांवर टाकलाही होता. "येईल की, त्याच्या बापालाही उशिराच आले," असं म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. मीही तेच म्हणत होते. एक्स-रे काढला तेव्हा त्या दाताच्या वाटेत एक छोटा, टोकदार जादा दात बसलेला दिसला. तोवर शेजारचे दात फटीकडे कलले होते. तुमच्या घरी असा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी घरी दात मोजा

सकाळच्या उजेडात मुलाला खिडकीपाशी बसवा. खालचे मधले पटाशीचे दात आणि पहिल्या पक्क्या दाढा साधारण ६ ते ७ व्या वर्षी येतात. वरचे मधले ७ ते ८, त्यांच्या शेजारचे ८ ते ९, खालचे सुळे ९ ते १०, उपदाढा (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या छोट्या दाढा) १० ते १२, वरचे सुळे ११ ते १२. मुलींचे थोडे लवकर येतात. वर्षभर इकडेतिकडे झालं तर लगेच घाबरायचं कारण नाही.

वयापेक्षा जोडीचा दात बघा. एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तर डॉक्टरांकडे जा. मधला यायच्या आधीच शेजारचा आला, तरीही जा. खालचे पक्के दात दुधाच्या दातांमागून येऊन दोन ओळी दिसणं मात्र नेहमीचं आहे. पुढचा दुधाचा दात हलत असेल तर तो बहुधा आपोआप पडतो. हलत नसेल तर दाखवा.

२. हिरडीवरून बोट फिरवा

हात धुऊन, हळूच. आत दात असेल तर बहुतेक वेळा टणक फुगवटा लागतो. वरच्या सुळ्यांसाठी ही तपासणी फार मोलाची आहे: मूल दहा वर्षांचं झालं की दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूनं चाचपा. एकीकडे फुगवटा आणि दुसरीकडे सपाट, तर सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो. हे वेळेत कळलं तर कधी कधी दुधाचा सुळा काढल्यावर पक्का सुळा आपली वाट धरतो. तेरा-चौदाव्या वर्षी कळलं तर शस्त्रक्रिया आणि पुढे बराच काळ तारा, असं लांबतं.

हिरडीवर निळसर फुगा दिसला तर तो सुईनं फोडू नका. दात येताना असा फुगा येतो आणि बहुधा आपणच फुटतो.

३. सांगायच्या गोष्टी आठवून ठेवा

लहानपणी तोंडावर पडला होता का? किडलेला दुधाचा दात फार लवकर काढला होता का? तसं झालं की त्या जागेवरची हिरडी कधी कधी जाड, चिवट होते. घरात कुणाला जन्मतःच दात कमी आहेत का? फिटच्या काही गोळ्यांनी हिरडी वाढते, तेही सांगा. एखादाच नव्हे, सगळेच दात मागे पडले असतील आणि उंचीही वाढत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. थायरॉईड किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी लागते. नुसतं कॅल्शियमचं औषध पाजून अडलेला दात खाली येत नाही.

४. एक्स-रेला नाही म्हणू नका

एका दातासाठी छोटा एक्स-रे पुरतो. सगळा जबडा बघायचा तर ओपीजी काढतात. त्यातून निघणारे किरण फार कमी असतात. मूळ किती तयार झालंय हेही त्यात दिसतं. दात बाहेर येतो तेव्हा मूळ साधारण दोन तृतीयांश झालेलं असतं. त्याहून कमी असेल आणि वाट मोकळी असेल, तर थांबणं हाच उपचार.

५. आता ठरवा

दात आहे, वाट मोकळी आहे: तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

वाट अडली आहे: अडथळा काढायचा. माझ्या भाच्याचा जादा दात काढला, तारेनं जागा केली, आणि आठ महिन्यांनी हिरडीतून पांढरी कड दिसली. दात आपणहून आला नाही तर हिरडी उघडून त्याला बारीक साखळी लावून ओढतात. मुलाला हे आधी नीट सांगा.

जागा जाते आहे: दुधाची दाढ लवकर गेली असेल तर स्पेस मेंटेनर नावाची तार बसवतात. मागच्या दाढा पुढे सरकल्यावर जागा परत मिळवणं जास्त खर्चाचं आहे.

दात मुळातच नाही: वरचा मधल्याशेजारचा दात किंवा खालची दुसरी उपदाढ बहुधा अशी गैरहजर असते. खालची दुधाची दाढ धडधाकट असेल तर ती पुष्कळ वर्षं टिकते, घाईनं काढू देऊ नका. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात पक्का बसवलेला कृत्रिम दात, जबड्याची वाढ थांबल्यावरच, म्हणजे अठराच्या आसपास किंवा त्यानंतर. वाढत्या जबड्यात तो मागे राहतो आणि आखूड दिसू लागतो. तोवर काढता-घालता येणारा दात चालतो.

६. कुठे जायचं, काय विचारायचं

निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर किंवा मिरज सोयीचं पडतं. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ यांची दंत महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी मुलांच्या दातांचे आणि तारा बसवणारे डॉक्टर एकाच छताखाली भेटतात, आणि असा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला बरा.

संमतीचा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्याआधी "मराठीतून सांगा" म्हणा. तीन प्रश्न विचाराच: सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? तारा किती महिने राहतील? एकूण खर्च किती, आणि तो टप्प्याटप्प्यानं देता येईल का? आणि एक्स-रेची फिल्म किंवा सीडी मागून घ्या. तारीख घालून शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलात तर आधीचं आणि आताचं शेजारी ठेवून बघता येईल.