जुनी बांबूची फ्लाय रॉड: आधी ओळखा, मग हात लावा

इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या बाजारात किंवा आपल्याकडे एखाद्या जुन्या बंगल्याच्या माळ्यावर बांबूची फ्लाय रॉड (माशीसारखं हलकं आमिष फेकून मासे पकडायची काठी) सापडली, की पहिला मोह होतो तो सँडपेपर हातात घ्यायचा. तो आवरा. पॉलिश करण्याआधी काठी कोणी बनवली आहे ते बघायचं.

नीट पाहिलं तर काठी षटकोनी दिसेल. बांबू चिरून काढलेल्या सहा निमुळत्या कामट्या एकमेकींना चिकटवून ती केलेली असते. एकोणिसाव्या शतकात यासाठी भारतातून जाणारा 'कलकत्ता' बांबू वापरत. त्यावर बऱ्याचदा भाजल्याचे काळपट डाग दिसतात. पुढे चीनच्या ग्वांगडाँगमधला टोंकिन बांबू आला. 1950 मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, फायबरग्लासही स्वस्त झालं आणि हा धंदा बसला.

आता मुठीच्या वरचा बांबू आणि रीळ बसवायची धातूची बैठक भिंगाखाली बघा. इंग्लंडमधल्या आल्निकच्या हार्डी कंपनीच्या काठीवर 'पालाकोना' हे नाव आढळतं. अमेरिकेतल्या ऑर्व्हिस कंपनीच्या बऱ्याच काठ्यांमध्ये रेझिन आतपर्यंत मुरवलेलं असतं; त्यांना वार्निश लागत नाही, लावूही नका. नावच नसेल तर सांधे, म्हणजे काठीचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळ्या, बघा. जर्मन सिल्व्हरचे (तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे) सांधे बहुधा चांगल्या कामाची खूण, क्रोम चढवलेलं पितळ स्वस्त मालाची. लाकडी पेटीतला जपानी संच दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटकांसाठी निघालेला असतो. त्यावर फार खर्च करू नये, असं माझं मत.

सगळे तुकडे शेजारी ठेवून मोजा. साधारणपणे ते सारख्या लांबीचे असतात. शेंड्याचा तुकडा दोन-तीन इंच आखूड असेल तर तो कधीतरी मोडला आहे, आणि किंमत तिथेच घसरते.

सांधा अडकला असेल तर पिळू नका, कामट्या सुटतात. दोघांनी मिळून सरळ रेषेत ओढा. निघाल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने आतली काजळी पुसा. सांधा बांबूवर डुगडुगत असेल तर आधी बारीक पिन शोधा. ती काढून, धातू हलका गरम करून सांधा उतरवा आणि इपॉक्सीने परत बसवा. आच जपून द्या. जुन्या काठ्या सरसाने चिकटवलेल्या असतात आणि उष्णतेने सरस सुटतो. कामट्यांमध्ये फट दिसली तर पातळ इपॉक्सी आत सोडून दोऱ्याने घट्ट आवळा.

मासेमारीची दोरी ओवायच्या कड्या काठीला बांधणारा दोरा फुगून सुटायला लागला असेल तरच नवा घाला. त्याआधी प्रत्येक कडीचं अंतर, दोऱ्याचा रंग आणि वेढ्यांची रुंदी लिहून घ्या, फोटोही काढा. जुना दोरा कडीच्या धातूच्या पायावरच कापा, म्हणजे पातं बांबूत घुसत नाही. नवा दोरा रेशमीच हवा. वार्निश लागलं की रेशीम पारदर्शक आणि बरंच गडद होतं, तेव्हा आधी एखाद्या काडीवर गुंडाळून, वार्निश लावून रंग ताडून बघा.

जुनं वार्निश शाबूत असेल तर ओल्या फडक्याने पुसून सोडून द्या. पापुद्रे निघत असतील तर बोथट पात्याच्या कडेने किंवा नखाने तेवढेच उचला. बांबूची ताकद सालीलगतच्या दाट तंतूंमध्ये असते. सँडपेपरने तीच निघून जाते, वर षटकोनाच्या कडाही गोल होतात. मुठीचं बूच साबणाच्या पाण्याने धुतलं तरी पुरतं.

नवं वार्निश पातळ हातांनी द्या आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे हे काम पावसाळ्यात काढूच नका, दमट हवेत वार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं. वाळताना काठी उभी टांगा. नंतरही कोरडी करूनच पिशवीत घाला आणि उभी ठेवा. भिंतीला तिरकी टेकवलेली काठी बाक धरते.