गोव्याच्या हवेत जुन्या फ्रेमवर सायकल उभी करताना

फ्रेम भंगारवाल्याकडे मिळो की कुणाच्या पडवीत वर्षानुवर्षं टेकून ठेवलेली असो, घेण्याआधी ती उलटी करा. पायडलचा आस ज्या आडव्या जाड नळीतून (आस-नळीतून) जातो, तिथे सगळ्या नळ्या एकत्र येतात. सीटच्या नळीतून उतरलेलं पावसाचं पाणीही तिथेच साचतं. गोव्यात चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने खारा वारा, त्यामुळे वरून चकाकणाऱ्या फ्रेमचा तळ पुष्कळदा कुजलेला निघतो. छोट्या पान्याने नळ्यांवर हलके ठोका, आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर तिथे टोच्याने दाबून बघा. पत्रा आत गेला तर ती फ्रेम सोडून द्या. तिच्यावर रंगाचा खर्च म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरी तपासणी हँडलखाली. तिरप्या नळीला जोडाच्या मागे पोट आलं असेल किंवा तिथल्या रंगाला आडव्या सुरकुत्या असतील, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. मग दोरा लावा: मागच्या चाकाचा आस फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतो, त्यांतल्या एकीतून निघून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक २ मिमीपर्यंत असेल तर चालतो.

सायकल खोलण्याचं काम पावसाळ्यात करा, रंग दिवाळीनंतर. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो आणि प्रायमरखाली ओल अडकते.

खोलताना सर्वांत जास्त नुकसान कॉटर पिनचं, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आसावर पक्का धरणाऱ्या पाचरीसारख्या पिनेचं होतं. केरोसीन किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवा. नट थोडा सैल करून पिनच्या टोकाच्या सपाटीला आणा, म्हणजे आटे वाचतील. क्रँकखाली जाड लोखंडी पाइप उभा करून क्रँक त्यावर टेकवा आणि किलोभराच्या हातोड्याचा एकच जोरकस घाव घाला. टेकू नसेल तर घावाचा जोर छर्ऱ्यांवर आणि ते ज्यांत फिरतात त्या आस-नळीच्या कपांवर जातो. टकटक करत बसलात तर पिनचं डोकं फुलतं, मग ड्रिलशिवाय इलाज उरत नाही.

उजव्या बाजूच्या पक्क्या कपाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. डाव्या पायडलचंही तसंच. नवे कप घेताना जुना कप दुकानात बरोबर न्या. देशी सायकलींना साधारणपणे इंचाला २४ आट्यांचे कप बसतात, पण जुन्या इंग्लिश रॅलीचे २६ आट्यांचे असतात. दोन फेरे फिरून अडकणारा कप जोर लावून घुसवलात तर फ्रेमचेच आटे जातात.

मागच्या चाकाच्या तारा फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) काढण्याआधी मुळीच कापू नका. फ्रीव्हील पान्यात धरून चाकच फिरवावं लागतं. तारा गेल्या की नुसत्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) पकड उरत नाही. छर्रे मोजून लिहून ठेवा. बहुतेक रोडस्टरमध्ये (अशा जुन्या धाटणीच्या साध्या सायकलींत) पुढच्या हबला दर बाजूला ३/१६ इंची १०, मागच्याला पाव इंची ९ आणि पायडलच्या आसाला पाव इंची ११ असतात. जुने छर्रे परत घालू नका, एका संचाला फार पैसे पडत नाहीत.

आता चाकांचा निर्णय. हलकी ७०० सी (आजकालच्या सायकलींच्या मापाची) रिम बसवावी असं पुष्कळांना वाटतं. पण जुन्या हबना पुढे ३२ आणि मागे ४० भोकं असतात. ४० भोकांची तशी रिम सहज मिळत नाही, म्हणजे हब बदला. नवा हब रुंद, म्हणजे फ्रेम फाकवा. शिवाय रॉडचे (तारेऐवजी लोखंडी कांड्यांनी ओढले जाणारे) ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, त्यामुळे तेही जातात. आमचं मत स्पष्ट आहे: २८ × १½ इंचीच चाकं ठेवा. टायर देशी कंपन्या आजही बनवतात. पहाटे भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर याच घडणीची सायकल मारतो, तेव्हा गावातल्या मिस्त्रीला तिचं काम ठाऊक असतं.

तारा मात्र सगळ्या नव्या घाला. रॉडच्या ब्रेकला चाक डावी-उजवीकडे थोडं डुललं तर चालतं, पण वर-खाली उडणारं चाक चालत नाही, कारण गट्टू (ब्रेकचं रबर) आतून चाकाच्या मध्याकडे नव्हे, बाहेरच्या दिशेला खेचला जातो. म्हणून आधी गोलाई १ मिमीच्या आत आणा, मग बाजू. गट्टू आणि रिममध्ये २-३ मिमी अंतर पुरे. ओल्या क्रोम रिमवर ब्रेक उशिरा लागतो, पावसात उतारावर आधीपासून हलका धरून ठेवा. पुढचा ब्रेक काढून सायकल ‘सुटसुटीत’ करण्याचा मोह टाळाच.

जुन्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीवर छान, पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर गुडघे बोलतात. २२ दातांचं फ्रीव्हील घातलं तर अंतर साडेचार मीटरवर येतं. चेनला एखादी कडी जास्त लागेल.

रंगाआधी एक विचार करा. मूळ रंग आणि सोनेरी रेघा अर्ध्याहून जास्त शिल्लक असतील तर फ्रेम फक्त धुऊन मेण चढवा. तो रंग पुन्हा मिळणार नाही. रंगवायचंच ठरलं तर पितळी बिल्ल्याचे रिवेट ड्रिलने काढून बिल्ला जपा, कपांच्या आट्यांत कापड कोंबा. घासकागद ८०, १८०, ३२० या क्रमाने. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावा, धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. आपल्याकडे उघडं लोखंड एका रात्रीत नारिंगी होतं. किनाऱ्यालगतच्या गावात रेड ऑक्साइडपेक्षा इपॉक्सी प्रायमर घ्या. वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग गाड्या रंगवणाऱ्याकडूनच मारून घ्या. त्यातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, साधा मास्क तिला अडवत नाही.

आस-नळीच्या तळाला ४ मिमीचं भोक रंगाआधी पाडून ठेवा, पाणी तिथून निघून जाईल. रंग पक्का झाल्यावर नळ्यांत सुमारे १०० मिली डबल बॉइल्ड अळशीचं तेल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि दिवसभर निथळू द्या. आधी ओतलंत तर तेल झिरपून रंग धरत नाही. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात; पसरून वाळवा.

जोडताना सगळ्या आट्यांना ग्रीस हवंच. कॉटर पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, त्यांचे उतार सारखे घासलेले असावेत, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. पिन हातोड्याने बसवा, नटाने ओढू नका. नट फक्त धरून ठेवतो. चेन मधोमध सेंटिमीटरभर हलली पाहिजे. ३० किलोमीटरनंतर पिना पुन्हा ठोकून नट आवळा, १०० किलोमीटरनंतर तारा तपासा.